लघवीची गोळी आणि संत्र्याचा मुलूख

पांढुर्णा-सौसर पट्ट्यात मोठं दुखणं निघालं की माणूस नागपूर गाठतो. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि मराठी बोलणारा हा भाग छिंदवाडा जिल्ह्यासोबत मध्य प्रदेशातच राहिला, तरी दवाखान्याची वाट बदलली नाही. सौसरहून सावनेरमार्गे, पांढुर्ण्याहून रेल्वेने नाहीतर बसने लोक आजही मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत, मिहानमधल्या एम्सला किंवा धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी डॉक्टरांकडे जातात. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. तरीही हृदयाचा किंवा किडनीचा डॉक्टर म्हटलं की तोंड नागपूरकडेच वळतं. तिथे तपासणी होते, चिठ्ठीवर चार-पाच औषधं उतरतात. रक्तदाब जास्त असेल आणि पायावर सूज असेल तर त्यात लघवीची एक गोळी असते, आणि पुष्कळदा त्या एका गोळीत दोन औषधं असतात. पुढची पानं या जोडगोळीबद्दल आहेत. ती लिहिली जाते नागपुरात, पण घेतली जाते लोधीखेड्यात, मोहगावात, रामाकोन्यात, बडचिचोलीत. तिचं बरंवाईट जे काही व्हायचं ते तिथल्या घरात, तिथल्या उन्हात, तिथल्या ताटावर होतं. डॉक्टर आणि गोळी यांच्यातलं हे अंतर हाच या विषयातला खरा धोका आहे, असं माझं मत आहे. औषधाच्या गुणदोषांपेक्षा मी त्यालाच जास्त महत्त्व देतो.

सूज उतरते, दम कमी होतो, माणूस पुन्हा बागेत जाऊ लागतो. महिन्याने दाखवायला बोलावलेलं असतं, पण बरं वाटत असताना भाड्याचे पैसे आणि एक दिवसाची मजुरी कोण घालवणार? मग गावातल्या मेडिकल दुकानात रिकामी स्ट्रिप दाखवायची आणि तीच गोळी पुन्हा आणायची. असं वर्ष जातं, कधी दोन वर्षं जातात. रक्तदाबाची बाकीची औषधं अशी घेत राहिल्याने बहुधा तेवढं बिघडत नाही. ही गोळी मात्र रक्त न तपासता वर्षभर घ्यायची नाही. कारण समजून घ्यायचं तर थोडं मूत्रपिंडात शिरावं लागेल.

दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत घेतात. पाणी परत येतं ते मुख्यतः मिठाच्या, म्हणजे सोडियमच्या पाठोपाठ. लघवीची औषधं या परतीच्या वाटेवर वेगवेगळ्या जागी अडथळा घालतात. फ्युरोसेमाइड आणि टॉर्सेमाइड यांचा अडथळा मोठा असतो आणि लघवी जोरात होते. हायड्रोक्लोरोथायझाइड आणि क्लोरथॅलिडोन यांचा अडथळा त्याच्या पुढे आणि लहान असतो, पण रक्तदाबावर त्यांचा परिणाम सावकाश आणि टिकाऊ होतो. या दोन्ही गटांची एक खोड आहे. मिठासोबत पोटॅशियमही वाहून जातं. पोटॅशियम उतरलं की पायांत गोळे येतात, अंग गळून जातं, हृदयाचे ठोके चुकतात, आणि हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्याला तर जास्तच धोका होतो. तिसरा गट स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन, अमिलोराइड, ट्रायमटेरीन यांचा. नळीच्या अगदी शेवटच्या टप्प्यात ही औषधं काम करतात, थोडंसं मीठ बाहेर जाऊ देतात आणि पोटॅशियम धरून ठेवतात.

जोडगोळीमागची कल्पना इथूनच आली. एक औषध पोटॅशियम घालवतं, दुसरं राखतं, दोघं मिळून सूज उतरवतात. आपल्याकडे फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइडसोबत स्पायरोनोलॅक्टोन, फ्युरोसेमाइडसोबत अमिलोराइड आणि हायड्रोक्लोरोथायझाइडसोबत अमिलोराइड अशा जोड्या सर्रास मिळतात. ही कल्पना चांगली आहे आणि तिच्यामागे मोठा इतिहास आहे. १९५७ पर्यंत सूज उतरवायला पाऱ्याची इंजेक्शनं द्यावी लागत. त्या वर्षी अमेरिकेत कार्ल बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोथायझाइड पुढे आणलं आणि पहिल्यांदाच तोंडाने घेता येईल असं, रोज घेता येईल असं परिणामकारक औषध हाताशी आलं. बाकीची बहुतेक औषधं पुढच्या दहा वर्षांत आली. स्पायरोनोलॅक्टोनला नवं आयुष्य मिळालं १९९९ मध्ये. हृदय खूप अशक्त झालेल्या रुग्णांवर केलेल्या रेल्स नावाच्या चाचणीत, आधीच्या उपचारांना या औषधाची थोड्या मात्रेत जोड दिल्यावर मृत्यूंचं प्रमाण तीस टक्क्यांनी घटलं. २०१५ च्या पाथवे-२ या चाचणीत तीन औषधं घेऊनही न उतरणाऱ्या रक्तदाबावर तेच सर्वांत उपयोगी ठरलं. म्हणून या गोळीबद्दल मला आदर आहे आणि वाचकालाही वाटावा. जलोदराच्या, हृदय थकलेल्या कितीतरी माणसांना तिने अंथरुणातून उठवलं आहे.

रेल्सनंतर कॅनडात जे घडलं तेही इथे सांगायला हवं, कारण ते पांढुर्ण्याच्या परिस्थितीशी फार जुळतं. चाचणीतल्या रुग्णांचं रक्त वेळच्या वेळी तपासलं जात होतं, मात्रा नेमून दिलेली होती. निकाल जाहीर होताच ऑन्टारिओ प्रांतातल्या डॉक्टरांनी हे औषध भराभर लिहायला सुरुवात केली, तपासणीची शिस्त मात्र औषधासोबत गेली नाही. तिथल्या हृदयरुग्णांत पोटॅशियम वाढून दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होतं, ते २००१ मध्ये हजारी ११ झालं. औषध तेच होतं, आजारही तोच होता, फक्त लक्ष ठेवणारं कोणी उरलं नव्हतं. ऑन्टारिओत प्रयोगशाळा आणि दवाखाने आपल्यापेक्षा कितीतरी जवळ आहेत, तरी हे झालं.

जोडगोळी घेणाऱ्याचं पोटॅशियम आपोआप समतोल राहतं हा समज सर्वांत आधी मनातून काढावा. दोन औषधांचा तोल प्रत्येकाच्या शरीरात वेगळा असतो आणि तो कोणत्याही बाजूला कलू शकतो. मूत्रपिंडं तरुण आणि सशक्त असतील तर शरीर सांभाळून घेतं. वय साठीपुढे गेलं, शुगर जुनी असली, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असलं, किंवा सोबत टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांपैकी एखादी गोळी चालू असली, की पोटॅशियम वर चढू लागतं. औषधांचे हे गटही पोटॅशियम राखतातच. पोटॅशियम वाढल्याचं पुष्कळदा काहीच कळत नाही. कोणाला हातापायांत बळ नसल्यासारखं वाटतं, कोणाची नाडी मंद होते, आणि कोणाच्या बाबतीत पहिली खूण म्हणजे हृदय अनियमित चालणं हीच असते. अंगाला काही जाणवत नाही म्हणून सगळं ठीक आहे, असं इथे धरून चालत नाही.

आता या मुलखाच्या ताटाकडे येऊ. हा संत्र्याचा मुलूख आहे. आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे उतरतो, मृग उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि त्या दिवसांत घरात फळांना तोटा नसतो. बाजारात न जाणारं बारकं फळ रस काढून प्यायलं जातं. ग्लासभर संत्र्याच्या रसात साधारण साडेचारशे ते पाचशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. नुसतं फ्युरोसेमाइड किंवा क्लोरथॅलिडोन घेणाऱ्या, मूत्रपिंड धड असलेल्या माणसाला हे पथ्याचंच आहे. सगळ्यांनाच संत्री बंद करा म्हणणारा सल्ला मला अन्यायाचा वाटतो. पण स्पायरोनोलॅक्टोनची जोडगोळी, सोबत टेल्मिसार्टन आणि वाढलेलं क्रिएटिनिन असं तिन्ही एका माणसात असेल, तर हंगामात रोज दोन-तीन ग्लास रस हे त्याच्यासाठी पोटॅशियमचं औषध घेण्यासारखंच आहे. त्याने एखादं फळ खावं, रस टाळावा, आणि हंगामात एकदा रक्त तपासून घ्यावं. नारळपाण्याचंही तसंच. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण प्रेमाने तेच नेतो, म्हणून हे घरच्यांना माहीत असलेलं बरं.

उपवासाचं ताटही बघावं. बटाटा, रताळं, केळं, शेंगदाणे, म्हणजे सगळं पोटॅशियमने भरलेलं. नवरात्राचे नऊ दिवस हेच खाणं आणि पाणी कमी, असं झालं तर जोडगोळी घेणाऱ्याचा तोल हलतो. उपवास मोडा असं मी म्हणणार नाही. नवरात्राच्या आधी डॉक्टरांना विचारावं आणि निर्जळ करू नये, एवढं मात्र आग्रहाने सांगतो. सैंधव बीपीला चालतं, ही समजूतही पक्की रुजली आहे. सैंधव बहुतांशी सोडियम क्लोराइडच आहे, रक्तदाबाला त्याचा हिशेब साध्या मिठासारखाच धरावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे चहाचा सपाट चमचा, अशी आहे. ठेचा, लोणचं आणि उन्हाळी वाळवणातले पापड-कुरडया एका जेवणात आले तर ही मर्यादा तिथेच संपते, आणि मग लघवीच्या गोळीची मात्रा वाढवत न्यावी लागते. दुकानात मिळणारं कमी सोडियमचं मीठ ही वेगळी गोष्ट आहे. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. संघटनेने २०२५ च्या जानेवारीत अशा मिठाची शिफारस केली, पण ज्यांचं मूत्रपिंड अशक्त आहे किंवा पोटॅशियम बाहेर टाकण्यात ज्यांना अडचण आहे त्यांना त्यातून स्पष्ट वगळलं. जोडगोळी घेणारे त्यातच येतात.

औषधांमधूनही पोटॅशियम येतं. आपल्या भागात मुतखड्याचा त्रास पुष्कळांना असतो आणि त्यावर लघवी सौम्य करणारं गोड सिरप सहज दिलं जातं. त्यातल्या बऱ्याच सिरपांत पोटॅशियम सायट्रेट असतं. लघवीच्या जंतुसंसर्गावर दिलं जाणारं कोट्रायमोक्साझोल हेही पोटॅशियम वाढवतं. आणि सर्वांत मोठा धोका अगदी साध्या दिसणाऱ्या औषधाचा आहे. तो म्हणजे गुडघे-कंबर दुखते म्हणून मेडिकलवरून आणलेली डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी, नाहीतर गावातल्या दवाखान्यात घेतलेलं दुखण्याचं इंजेक्शन. ही औषधं मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. टेल्मिसार्टनसारखी गोळी, लघवीची गोळी आणि दुखण्याची गोळी ही तिन्ही एकत्र आली, की काही दिवसांत मूत्रपिंड बंद पडल्याचीही उदाहरणं आहेत. बागेत ओझी उचलणाऱ्या माणसाचं अंग दुखणारच. त्याने पॅरासिटामॉल घ्यावं, शेक घ्यावा, आणि दुसरं काही घेण्याआधी आपण कोणती लघवीची गोळी घेतो ते सांगावं.

छिंदवाड्यापासून विदर्भापर्यंत ज्या समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे त्यांच्याबद्दल दोन शब्द. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, सिकलसेलची कार्डं वाटली गेली. सिकलसेलच्या रुग्णाच्या मूत्रपिंडाची पोटॅशियम बाहेर टाकण्याची ताकद आधीच कमी झालेली असू शकते, आणि अंगातलं पाणी आटलं की त्याच्या वेदनांचा झटका उसळतो. अशा माणसाने लघवीची गोळी सुरू होण्यापूर्वीच ते कार्ड डॉक्टरांपुढे ठेवावं.

आणि मग मे महिना. नागपूर पट्ट्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, घाम वाहतो, लूचा ताप येतो, जुलाब-उलट्यांची साथ फिरते. हिवाळ्यात बरोबर बसलेली मात्रा या दिवसांत जास्त होते. चक्कर येते, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते, लघवी कमी आणि गडद होते, म्हातारी माणसं असंबद्ध बोलू लागतात. हे शेवटचं लक्षण सोडियम उतरल्याचं असू शकतं आणि थायझाइड गटात ते जास्त दिसतं. घरचे त्याला वय झाल्याचं समजतात. संत्रा बागायतदाराला हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. बहार धरायला झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो, पण हलक्या जमिनीत किती दिवस आणि भारी जमिनीत किती दिवस हे तो पानं बघून ठरवतो, आणि ताण लांबला तर झाडच वाळतं हे त्याला ठाऊक असतं. लघवीच्या गोळीने शरीराला दिलेला ताणही माणूस आणि ऋतू बघून ठरवावा लागतो. त्यासाठी पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून एक गोष्ट कागदावर लिहून घ्यावी. उलट्या, जुलाब किंवा जोराचा ताप आला तर त्या दिवशी कोणत्या गोळ्या थांबवायच्या आणि कधी परत सुरू करायच्या, ती गोष्ट ही. ऐन आजारात नागपूरला फोन लागेलच असं नाही.

प्रत्येक सुजेवर लघवीची गोळी हा उपाय नसतो, हेही इथेच सांगतो. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिन या गोळीनेच घोट्यावर सूज येऊ शकते. अशी सूज उतरवायला लघवीची गोळी जोडली तर आजार एक आणि औषधं दोन होतात, सूज मात्र फारशी हलत नाही. तिथे अॅम्लोडिपिनची मात्रा कमी करणं किंवा औषध बदलणं हाच उपाय आहे. विदर्भात हत्तीपाय जुना आहे, त्या सुजेवर या गोळीचा उपयोग नाही. एकाच पायावर अचानक सूज आणि दुखणं आलं तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते, त्या दिवशीच दाखवावं. गरोदर बाईला तर सूज आली म्हणून कोणीही स्वतःहून ही गोळी देऊ नये.

स्ट्रिपवरच्या नावांनी होणारा गोंधळ मला फार महत्त्वाचा वाटतो. एकाच नावापुढे प्लस, पाच, दहा, वीस असे आकडे असतात. आकडा बहुधा एका औषधाची मात्रा सांगतो, दुसऱ्याची मात्रा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते. दुकानात तीच नसली आणि त्याच नावाची दुसरी दिली, तर स्पायरोनोलॅक्टोनची मात्रा नकळत बदलू शकते. रक्तदाबाच्या कित्येक गोळ्यांच्या नावामागे एच किंवा सीएच असतं, म्हणजे त्यात लघवीचं औषध आधीच मिसळलेलं असतं. सौसरच्या डॉक्टरने अशी गोळी दिलेली असते, नागपूरच्या डॉक्टरने जोडगोळी दिलेली असते, आणि माणूस तीन लघवीची औषधं घेत असूनही आपण एकच घेतो असं सांगतो. तो खोटं बोलत नसतो. म्हणून दवाखान्यात जाताना चिठ्ठीसोबत घरातल्या सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून न्याव्यात. शेजारच्याची गोळी चालते म्हणून आपण घेणं किंवा आपली त्याला देणं हे या औषधाच्या बाबतीत तर कधीच करू नये.

रक्ताच्या तपासण्या फार नाहीत. सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन, एवढ्याच. औषध सुरू होण्याआधी एकदा, सुरू झाल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर साधारण आठवड्याने, मग महिन्याने, आणि पुढे तीन ते सहा महिन्यांनी. वय किंवा मूत्रपिंड नाजूक असेल तर याहून लवकर. पोटॅशियम साडेतीन ते पाच यांच्या मध्ये असावं. साडेपाचच्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावं, सहाच्या वर गेलं तर वाट न बघता ईसीजी असलेल्या दवाखान्यात जावं. एक बारकी गोष्ट आमच्या भागाची. नमुना पांढुर्ण्यात घेऊन तपासायला नागपूरला पाठवला जातो. रक्तपेशी वेगळ्या न करता तो तासन् तास तसाच राहिला, तर पेशींतलं पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटाच वर दिसतो. म्हणून नमुना घेणाऱ्याला सीरम लगेच वेगळं करणार का, असं विचारावं. आकडा अनपेक्षित आला तर तो खोटा असेल म्हणून सोडून देऊ नये, ताबडतोब पुन्हा तपासावा.

भीतीबद्दल लिहिणं मला भाग आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याच्या परासिया भागात विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपाने मूत्रपिंडं निकामी होऊन वीसहून अधिक लहान लेकरं गेली. त्यांतली कित्येक नागपूरच्या दवाखान्यांत उपचार घेत असताना गेली. त्या दिवसांनंतर औषधाच्या बाटलीकडे संशयाने बघणाऱ्या आईबापांना मी दोष देऊ शकत नाही. पण त्या भीतीपोटी रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी एकाएकी बंद करणं घातक ठरतं. पाणी पुन्हा फुप्फुसांत भरतं, झोपल्यावर दम लागतो, आणि मध्यरात्री गाडी शोधावी लागते. शंका आली तर गोळी सोडण्याऐवजी रक्त तपासावं. हृदयाच्या रुग्णाने रोज सकाळी, लघवी झाल्यावर आणि चहाच्या आधी वजन करावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साठत आहे, भराभर उतरलं तर शरीर कोरडं पडत आहे, दोन्ही वेळी डॉक्टरांना कळवावं. गोळी सकाळी घ्यावी, म्हणजे रात्री अंधारात उठून पडायला होणार नाही. स्पायरोनोलॅक्टोनचा पूर्ण परिणाम यायला काही दिवस लागतात, तेवढ्यात दुसरी गोळी वाढवू नये. या औषधाने पुरुषांची छाती दुखू किंवा सुजू शकते. लाजेपोटी हे कोणी सांगत नाही आणि गोळी गुपचूप सोडून देतं. सांगितलं तर डॉक्टर औषध बदलून देऊ शकतात.

शेवटी नागपूरच्या डॉक्टरांकडे एक मागणी आहे. रुग्ण सौसरचा किंवा पांढुर्ण्याचा असेल तर चिठ्ठीवर पुढच्या रक्ततपासणीची तारीख देवनागरीत, ठळक आणि औषधांच्या वर लिहावी. ही तपासणी गावाजवळ करून तिचा फोटो मोबाइलवर पाठवला तरी चालेल, हेही लिहावं. त्यासाठी एक नंबर द्यावा. पांढुर्ण्या-सौसरच्या मेडिकलवाल्यांकडेही एक मागणी आहे. जोडगोळीची रिकामी स्ट्रिप समोर आली की शेवटचं पोटॅशियम कधी तपासलं ते विचारावं, आणि सहा महिन्यांहून जुनं असेल तर तपासणीशिवाय पुढचा महिना न देता, दोन-तीन दिवसांपुरत्या गोळ्या देऊन माणसाला रक्त द्यायला पाठवावं.